पाहणारा आणि पाहुणा
(आर्मेनियाच्या मठभूमीवरील दोन पुस्तकांच्या निमित्ताने)

मराठी प्रवासवर्णनाने गेल्या शंभर वर्षांत बरीच मजल मारली असली, तरी धर्मस्थळापाशी आले की त्याची लेखणी अडखळते, असा आमचा अनुभव आहे. निसर्ग, बाजार, खाणेपिणे, माणसांच्या लकबी यांविषयी रसाळपणे लिहिणारा लेखक एखाद्या पुरातन मठाच्या दारात उभा राहिला की बहुधा दोनच गोष्टी करतो. एक तर मार्गदर्शकाने सांगितलेली शतके, राजे आणि कळसाची उंची यांची टिपणे तो उतरवून काढतो. नाही तर ‘शब्दातीत शांतता’, ‘दिव्य अनुभूती’ अशा शब्दांचा धूप जाळून स्वतःच त्या धुराआड दिसेनासा होतो. दोन्ही प्रकारांत मठ बाजूलाच राहतो.

‘पाहणारा’ आणि ‘पाहुणा’ हे शब्द मराठी कानाला सख्खे भाऊ वाटतात. वस्तुतः त्यांचे कूळ एक नाही. ‘पाहुणा’ हा संस्कृत ‘प्राघुणक’ या शब्दावरून आलेला आहे. पाहण्याशी त्याचा संबंध नाही. परंतु भाषेने शेजारी आणून बसविलेल्या या दोन शब्दांत अंतर मोठे आहे. पाहणारा डोळे घेऊन येतो आणि पाहून झाले की निघतो. पाहुण्याला घरात घ्यावे लागते. तो यजमानाच्या ताटात जेवतो, त्याचे सुखदुःख ऐकतो आणि परत जाताना त्या घराचे काही देणे लागतो. पर्वतांनी वेढलेल्या व मठांनी भरलेल्या आर्मेनिया या देशाविषयी विसाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या दोन रशियन पुस्तकांचा विचार आम्ही या भेदाच्या आधारे करू इच्छितो. पहिले पुस्तक कवी ओसिप मांडेलश्ताम यांचे ‘आर्मेनियाचा प्रवास’ (१९३३). दुसरे कादंबरीकार वासिली ग्रॉसमन यांचे. त्याच्या रशियन शीर्षकाचा अर्थ ‘तुमचे भले होवो’ असा आहे. दोन्ही पुस्तके इंग्रजी अनुवादांतून उपलब्ध आहेत. त्यांतील ग्रॉसमन यांचे पुस्तक रॉबर्ट व एलिझाबेथ चँडलर यांच्या इंग्रजी अनुवादातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या विषयाला तात्कालिक निमित्तही आहे. अलीकडे आपल्याकडील सहलींच्या जाहिरातींत आर्मेनियाचे नाव वरचेवर दिसू लागले आहे. राजधानी येरेवान, गार्नीचे प्राचीन मंदिर, गेघार्डचा मठ, सेवान सरोवर, खोर विराप, नोरावांक आणि ततेव असा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य अशाच सहलीहून परतले आणि त्यांनी मोठ्या उत्साहाने आम्हांला छायाचित्रे दाखविली. खोर विरापच्या मठामागे उभा असलेला हिमाच्छादित आरारात खरोखरच नेत्रदीपक होता. ‘खोर विराप’ या नावाचा अर्थच खोल अंधारकोठडी असा आहे. संत ग्रेगरी यांना तेथे तेरा वर्षे डांबून ठेवले होते असे परंपरा सांगते. त्या कोठडीत उतरलात का, असे आम्ही विचारले. “नाही फादर, शिडी फार उभी होती आणि बसवाल्याने चाळीसच मिनिटे दिली होती,” असे उत्तर आले. त्या दांपत्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वेळ मोजका, पैसे मोजलेले आणि गुडघे दुखरे! परंतु ज्या कोठडीमुळे तो मठ उभा राहिला ती वगळूनही मठ ‘पाहून’ होतो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

येथे थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. आर्मेनिया हा सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरचा देश. महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. त्याला समुद्र नाही, चहूकडे डोंगर. परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये राजा तिरिदात याने संत ग्रेगरी यांच्या उपदेशाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. इ.स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या व्रतस्थाने आर्मेनियन लिपी घडविली आणि त्या लिपीत बायबल उतरले. आम्ही सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकलो तेव्हा आर्मेनियाची गाठ पडली ती एका वाक्यापुरती: इ.स. ४५१ ची खाल्सेदनची धर्मपरिषद या ख्रिस्तसभेने मान्य केली नाही. त्याच वर्षी हा समाज आपल्या श्रद्धेसाठी बलाढ्य इराणी सत्तेशी आवारायरच्या रणांगणावर झुंजत होता, हे आम्हांला पुढे वाचनातून कळले. आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दहाव्या शतकातील आर्मेनियन मठवासी कवी नारेकचे संत ग्रेगरी यांना ‘ख्रिस्तसभेचे आचार्य’ म्हणून घोषित केले, तेव्हा पंधरा शतकांच्या दुराव्यावरून एक हात पलीकडे पोहोचला. त्या नारेकचा मठ मात्र आज अस्तित्वात नाही. तो व्हान सरोवराच्या दक्षिणेस, आजच्या तुर्कस्तानात होता.

या देशातील मठांची रचना साधी आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, घडवायला सोपा असा टफ जातीचा दगड. क्रूसाच्या आकाराची बैठक. मध्यभागी उंच गोलाकार किंवा बहुकोनी मान आणि तिच्यावर टोकदार टोपी. बाहेरून रंग नाहीत, मूर्तींची दाटी नाही. गेघार्ड येथे मुख्य ख्रिस्तमंदिर १२१५ चे आहे. परंतु त्याला लागून असलेली उपासनास्थाने तेराव्या शतकातील कारागिरांनी अखंड खडकातच कोरून काढली आहेत. वेरूळ ज्याने पाहिले आहे त्या मराठी वाचकाला वरून खाली खडक पोखरीत येण्याची ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. आत प्रकाश येतो तो घुमटाच्या एका छिद्रातून. गाणाऱ्याचा स्वर भिंतींवरून फिरत राहतो. ‘गेघार्ड’ म्हणजे भाला. प्रभूच्या कुशीत खुपसलेला भाला येथे जतन केला होता अशी श्रद्धा असून तो अवशेष आता एचमियाडझिनला आहे. मठांच्या परिसरात ठिकठिकाणी उभे असतात ते ‘खाचकार’, म्हणजे क्रूस-शिळा. त्यांच्यावर बहुधा ख्रिस्ताची देहाकृती नसते. क्रूसालाच पाने फुटलेली असतात. मरणाच्या खुणेला पालवी फुटावी, ही कल्पना दगडात इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी कोरणारा दुसरा समाज आमच्या पाहण्यात नाही.

परंतु हे मठ म्हणजे केवळ वास्तू नव्हेत. हाघपात, सनाहिन, ततेव येथे हस्तलिखिते तयार होत, शाळा चालत. ग्रंथ हाच या समाजाचा किल्ला होता. येरेवानच्या मातेनादारान या ग्रंथागारात १७,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत, आणि त्यांतील मूश येथील प्रवचनसंग्रहाची कथा सर्वश्रुत आहे. हा प्रचंड चर्मग्रंथ तेराव्या शतकाच्या आरंभी तयार झाला. १९१५ च्या वंशसंहारात दोन स्त्रियांच्या तो हाती लागला. एकटीला पेलवेना म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग पायी चालत एचमियाडझिनला पोहोचला. दुसरा भाग घेऊन निघालेल्या स्त्रीने तो वाटेत पुरून ठेवला, ती वाचली नाही, आणि तो भाग पुढे सापडून पहिल्याला येऊन मिळाला. मठ पाहायला जाणाऱ्याने हे माहीत करून घेतलेच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मठाविषयी लिहिणाऱ्याची कसोटी येथे लागते. त्याला दगड दिसतो, की तो ग्रंथ पाठीवर घेऊन चाललेली स्त्रीही दिसते?

आता पुस्तकांकडे वळू. मांडेलश्ताम १९३० मध्ये आर्मेनियात गेले. त्यांच्या या प्रवासाची व्यवस्था बुखारिन यांच्या शब्दामुळे झाली होती. त्याआधीची सुमारे पाच वर्षे त्यांची कविता मुकी झाली होती. आर्मेनियाने ती पुन्हा बोलती केली. एवढ्यावरूनच या भूमीने त्यांना काय दिले याची कल्पना यावी. त्यांचे गद्यही कवीचे गद्य आहे. पुस्तकाची आठ प्रकरणे आहेत आणि त्यांतील कित्येकांत आर्मेनिया जवळजवळ नाहीच. मॉस्कोतील शेजारी, फ्रेंच चित्रकार, निसर्गशास्त्रज्ञ यांच्याकडे लेखक बिनदिक्कत वळतो. तरीही वाचक तक्रार करीत नाही, कारण विषय एकच आहे: नीट पाहावे कसे? चित्रापुढे उभे राहून डोळा कसा स्वच्छ करावा हे मांडेलश्ताम शिकवितात, आणि त्याच डोळ्याने आष्टाराक गावातील एका इवल्याशा ख्रिस्तमंदिरापुढे उभे राहतात. ते मंदिर प्रसिद्ध नाही, भव्य नाही. त्याचे नम्रपण हाच त्याचा विशेष. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत जे बसत नाही तेच नेमके वेचणे, ही श्रेष्ठ प्रवाशाची खूण होय. त्यांनी आर्मेनियन भाषेच्या अभ्यासाचाही ध्यास घेतला होता. पाहण्याआधी कान तयार करण्याची ही तयारी आमच्या किती प्रवासलेखकांपाशी आढळते?

असे असूनही या पुस्तकात एक जागा आम्हांला खटकते. पहिले प्रकरण सेवान बेटाचे आहे. तेथे मांडेलश्ताम महिनाभर राहिले. बेटावर इ.स. ८७४ पासूनचा मठ आहे. लेखक वाऱ्याचे, गवताचे, मुलांचे, पुरातत्त्वज्ञांचे असे काही वर्णन करतात की बेटाचा वारा पानातून अंगावर यावा. आणि याच वर्णनात, जाता जाता, नुकत्याच दिवंगत झालेल्या तापसांच्या मातीच्या झोपड्या येतात, काटेरी झुडपांनी वेढलेल्या. अर्ध्या वाक्यात त्या येतात आणि जातात, तेही किंचित थट्टेच्या स्वरात. त्या काळात सोव्हिएत राजवट चर्च आणि मठ एकामागून एक बंद पाडीत होती. अवघ्या आठ वर्षांनी, १९३८ मध्ये, या ख्रिस्तसभेचे प्रमुख कॅथोलिकोस खोरेन पहिले यांचा एचमियाडझिन येथे खून झाला. ज्या बेटावर हजार वर्षे प्रार्थना झाली तेथील शेवटची माणसे गेली तेव्हा काय गेले, हा प्रश्न त्या महान डोळ्याला पडत नाही. येथे मांडेलश्ताम ‘पाहणारे’ राहतात. सर्वोत्तम पाहणारे, पण पाहणारेच.

त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून लगेच दुसरी बाजू सांगितली पाहिजे. पुस्तकाच्या अखेरीस ते एका प्राचीन आर्मेनियन इतिहासकाराच्या ग्रंथातील राजा अर्शाकची कथा घेतात. इराणच्या शापूरने विस्मृतीच्या किल्ल्यात कोंडलेला, ज्याचे नावही उच्चारण्यास बंदी आहे असा राजा. आणि त्याला एका दिवसाचा आनंद मिळावा म्हणून मागणे मागणारा एक सेवक. त्या काळच्या वाचकाला हा राजा कोण आणि शापूर कोण हे सांगावे लागले नसेल. ही कथा वगळावी असा आदेश असतानाही ‘झ्वेझ्दा’ या नियतकालिकाच्या संपादकाने ती छापली आणि त्याची नोकरी गेली. मांडेलश्ताम १९३४ मध्ये पकडले गेले आणि २७ डिसेंबर १९३८ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मरण पावले. तापसांच्या झोपड्यांवरून ज्यांची नजर निसटली त्यांना अंधारकोठडीचे मर्म उमगले होते. खोर विरापच्या शिडीवरून ते शेवटी उतरलेच, पण वेगळ्या वाटेने.

वासिली ग्रॉसमन यांची गोष्ट निराळी. ते १९६१ च्या अखेरीस आर्मेनियात दोन महिने राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या आयुष्याचे संचित असलेली ‘जीवन आणि नियती’ ही कादंबरी गुप्त पोलिसांनी जप्त करून नेली होती. एका आर्मेनियन कादंबरीच्या रशियन अनुवादाचे काम अंगावर घेऊन, काहीसे पैशासाठी आणि काहीसे मन रमावे म्हणून, ते तेथे गेले. शरीरात कर्करोग शिरला होता. मांडेलश्ताम यांच्या गद्याची झळाळी ग्रॉसमन यांच्यापाशी नाही. ते पाल्हाळ लावतात, विचार पुन्हा पुन्हा घोळतात, मध्येच तत्त्वचिंतनाचे लांब परिच्छेद घालतात. काटेकोर समीक्षकाने निळी पेन्सिल घेतली तर पुस्तकाचा पाचवा हिस्सा सहज कमी होईल.

तथापि पुस्तक ज्या प्रसंगाने मनात ठसते तो पाहा. येरेवानमध्ये पहिल्याच दिवशी, एकटे फिरत असताना, लेखकाला लघुशंकेची निकड लागते. परके शहर, परकी भाषा, कोठे जावे समजत नाही. स्मारके आणि चौक यांनी सजलेले ते शहर क्षणात केवळ एका आडोशाचा शोध होऊन बसते. प्रसंग हास्यकारक आहे, परंतु त्याने एक मोठे काम साधले आहे. येथे प्रवासी हा देहविरहित डोळा राहत नाही. तो एक वयस्क, आजारी, लाजणारा माणूस होतो. ज्याला गरज आहे त्यालाच पाहुणा होता येते. जो सर्व काही बरोबर घेऊन आला आहे, त्याला यजमान काय देणार?

त्साखकाडझोर या डोंगरी गावी ग्रॉसमन राहिले. तेथे केचारिसचा मध्ययुगीन मठ आहे. मठांच्या वास्तूंविषयी त्यांनी थोडेच पण नेमके लिहिले आहे: हे साधेपण कसब नसल्यामुळे आलेले नाही, कसब पूर्णत्वाला पोहोचल्यावर ते उरले आहे. त्यांचे लक्ष मात्र दगड फोडणाऱ्या हातांकडे अधिक आहे. आर्मेनिया हा दगडांचा देश आहे असे प्रत्येक प्रवासी लिहितो. त्या दगडांतून माती मोकळी करून जर्दाळू आणि द्राक्षे पिकविण्यासाठी किती पिढ्यांची कंबर मोडली असेल, हा हिशेब ग्रॉसमन मांडतात. मठांची दगडी भिंत आणि शेताचा दगडी बांध त्यांच्या पुस्तकात एकाच श्रमाच्या दोन बाजू ठरतात. आमच्या मते मठवास्तूविषयी केलेले हे सर्वांत अर्थपूर्ण विधान आहे, आणि एकाही वास्तुशास्त्रीय संज्ञेविना ते केले गेले आहे.

पुस्तकाचा कळस अरागात्स पर्वताच्या उतारावरील एका खेड्यातील लग्नात आहे. पाहुणा म्हणून ग्रॉसमन पंगतीला बसले आहेत. एक वृद्ध ग्रामस्थ उठतो आणि भरल्या मांडवात बोलू लागतो: ज्यूंच्या वाट्याला आलेल्या यातनांविषयी, आर्मेनियनांच्या वाट्याला आलेल्या यातनांविषयी. ग्रॉसमन ज्यू होते. १९४१ मध्ये बेर्दिचेव्ह येथे त्यांच्या आईची नाझींनी हत्या केली होती. आपल्या देशात या दुःखाचे नाव काढणेही अवघड झालेले असताना, डोंगरातील अनोळखी शेतकऱ्यांनी ते उच्चारावे, याने ते हेलावून जातात आणि त्या खेडुतांपुढे मस्तक लववितात. या ठिकाणी प्रवासवर्णन संपते आणि साक्ष सुरू होते. यजमानाने पाहुण्याचे दुःख ओळखले, आणि त्या ओळखीचे ऋण पाहुण्याने पुस्तकाच्या रूपाने फेडले.

फेडले, ते किंमत मोजून. ‘नोवी मीर’ या मासिकाने हे लेखन स्वीकारले होते. परंतु त्यांतील ज्यूंविषयीच्या या ओळी काढून टाकाव्यात असे सांगण्यात आले. मोजक्या ओळींचा प्रश्न होता. कादंबरी जप्त झालेल्या, आजारी, पैशाची गरज असलेल्या लेखकाने त्या काढल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. ग्रॉसमन यांनी नकार दिला आणि पुस्तक छापलेले न पाहताच १४ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९६५ मध्ये ते कापून-छाटून प्रसिद्ध झाले. संपूर्ण स्वरूपात येण्यास १९८८ साल उजाडले. शीर्षकातील ‘तुमचे भले होवो’ हे आर्मेनियन अभिवादनाचे शब्दशः रूप आहे. त्या वृद्धाला दिलेला नमस्कार मागे घेतला असता तर हे शीर्षक पोकळ ठरले असते.

ग्रॉसमन यांच्याशी आमचा मतभेद एका ठिकाणी आहे आणि तो धर्मगुरू म्हणून मांडणे आमचे कर्तव्य आहे. एचमियाडझिन येथे ते कॅथोलिकोस वाझगेन पहिले यांना भेटतात. संभाषण साहित्याकडे वळते, टॉलस्टॉय आणि दोस्तोयेव्हस्की यांची नावे निघतात. समोरची व्यक्ती विद्वान, सुसंस्कृत, व्यवहारचतुर आहे असे लेखकाला जाणवते. श्रद्धेचा स्पर्श मात्र जाणवत नाही. पुढे एका अल्पशिक्षित वृद्ध मोलोकान शेतकऱ्यात त्यांना खरी श्रद्धा भेटते. ही तुलना वाचकाला आवडते, कारण राजवाड्यापेक्षा झोपडीत देव सापडावा ही आपणा सर्वांची इच्छा असते. शुभवर्तमानही तिला आधार देते. तथापि एका औपचारिक भेटीवरून केलेला हा निवाडा आम्हांला घाईचा वाटतो. वाझगेन १९५५ मध्ये त्या आसनावर आले. त्यांच्या आधीच्या पिढीत तेथे एका कॅथोलिकोसचा खून झाला होता आणि कित्येक वर्षे आसन रिकामे होते. निरीश्वरवादी राजवटीत, प्रत्येक भिंतीला कान असताना, परक्या लेखकापुढे हा मनुष्य आपली प्रार्थना उघडी करील अशी अपेक्षा ठेवणे योग्य होते काय? १९९४ पर्यंत, जवळजवळ चार दशके, त्यांनी ती ख्रिस्तसभा तगविली. कचेरीचे कागद सांभाळणे, अधिकाऱ्यांशी गोड बोलणे, गळके छप्पर दुरुस्त करून घेणे यांत श्रद्धा दिसत नाही हे खरे. पण ती तेथे नसते असे कोणी समजू नये. आपल्या कादंबरीची प्रत मित्राकडे लपवून ठेवणाऱ्या ग्रॉसमन यांना हे कळायला हवे होते. येथे, या एकाच दालनात, तेही पाहणारे झाले.

आतापर्यंतच्या विवेचनावरून पाहणाऱ्याला आम्ही तुच्छ लेखतो असे कोणास वाटेल. तसे नाही. सतराव्या शतकात आलेक्झांद्र द ऱ्होड हे येशूसंघीय धर्मगुरू, जे त्याआधी गोव्यातही राहून गेले होते, १६४८ मध्ये जुल्फा या आर्मेनियन गावावरून गेले. गाव उजाड होते. शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये तेथील सारी वस्ती उठवून इराणात नेली होती. फादर ऱ्होड यांनी कबरस्तानातील क्रूस-शिळा पाहिल्या आणि त्या सुमारे दहा हजार असाव्यात अशी नोंद केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील काही हजार शिल्लक होत्या. १९९८ पासून त्या पाडण्यास सुरुवात झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये, आता अझरबैजानच्या ताब्यात असलेल्या त्या भूमीवर, उरलेल्याही फोडून टाकण्यात आल्या. आज जुल्फाचे खाचकार जवळजवळ केवळ प्रवाशांच्या नोंदींत आणि छायाचित्रांत उरले आहेत. एका वाटसरू धर्मगुरूने घाईने केलेली मोजणी शेवटी पुरावा ठरली. तेव्हा पाहणाऱ्याने निदान नीट पाहावे, मोजावे, लिहून ठेवावे. धूप जाळणाऱ्या गद्याचा अशा वेळी कोणालाच उपयोग नसतो.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. डोंगरातील दादिवांक मठ नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धानंतरच्या तहान्वये अझरबैजानकडे गेला; त्याआधीच्या दिवसांत भाविकांनी तेथे येऊन अश्रूंनी निरोप घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून लाखभर आर्मेनियन काही दिवसांत घरे सोडून निघाले. सेवानचे बेटही आता बेट राहिलेले नाही; सोव्हिएत काळात पाणी उपसल्याने सरोवराची पातळी सुमारे वीस मीटरने खाली गेली आणि पर्यटक आज चालत मठापर्यंत जातात. ततेवला जाण्यासाठी २०१० पासून पावणेसहा किलोमीटरचा आकाशपाळणा आहे. दरीच्या पोटातील वाट पायांना न लागता मठ समोर येतो. वृद्धांची सोय झाली हे चांगलेच. परंतु जो प्रवासलेखक पाळण्याच्या लांबीवर एक परिच्छेद खर्ची घालतो आणि ततेवच्या विद्यापीठात चौदाव्या शतकात कोण शिकवीत होते याचा उल्लेखही करीत नाही, त्याला आम्ही वेळेचे कारण मान्य करणार नाही. सहलीत चाळीस मिनिटे असतात. लिहिताना आयुष्य पडलेले असते.

जुल्फाहून उठवलेल्या त्या माणसांचे वंशज इराणातील नव्या जुल्फाहून व्यापारासाठी निघाले ते सुरत, मद्रास, कलकत्ता आणि मुंबईपर्यंत आले. मुंबईच्या फोर्ट भागात मेडोज स्ट्रीटवर १७९६ मध्ये त्यांनी संत पीटर यांचे ख्रिस्तमंदिर उभारले. तो समाज आता मुंबईत जवळजवळ उरलेला नाही. मंदिराचे नाव मात्र आहे. आर्मेनियाच्या सहलीचे पैसे ज्यांना जमणार नाहीत त्यांनी ग्रॉसमन यांचे पुस्तक वाचावे आणि एखाद्या दिवशी चर्चगेटला उतरून त्या गल्लीपर्यंत पायी जाऊन यावे. ज्यांना जमणार आहेत त्यांनी जाण्यापूर्वी मांडेलश्ताम वाचावेत, म्हणजे डोळा तयार होईल. खोर विरापला बसवाल्याकडे आणखी पंधरा मिनिटे मागून घ्यावीत. आणि परत आल्यावर आमच्यासारख्याला छायाचित्रे दाखविताना, कोठे कोणी आपल्याला पाणी दिले आणि काय सांगितले, हेही सांगावे. मराठीत मठभूमीचे खरे प्रवासवर्णन जेव्हा लिहिले जाईल, तेव्हा ते अशाच सांगण्यातून लिहिले जाईल असा आमचा विश्वास आहे.